घरातले बिनतारी जाळे



ज्या लहरींवरून माझा हा आवाज आपल्या घरी पोहोचत आहे, त्यांच्याच कुळातल्या लहरींचे एक लहानसे प्रक्षेपण केंद्र आज आपल्यापैकी पुष्कळांनी स्वतःच्या घरात मांडून ठेवले आहे. दूरचित्रवाणीच्या संचामागे, चपलांच्या कपाटावर किंवा कुठे कुठे तर देव्हाऱ्याशेजारी दोन-चार शिंगे उभारून जो डबा लुकलुकत असतो, तो राउटर म्हणजे अगदी शब्दशः एक नभोवाणी केंद्रच होय. फरक इतकाच की, आकाशवाणी केंद्र फक्त बोलते. हे घरातले केंद्र बोलते आणि ऐकतेही. आणि दुसरा फरक असा की, आकाशवाणीचे बोलणे सर्वांनी ऐकावे अशीच तिची इच्छा असते. तुमच्या घरातले बोलणे सर्वांनी ऐकावे अशी तुमची इच्छा असण्याचे कारण नाही.

मी इतिहासाचा अध्यापक आहे. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु २०२० च्या मार्च महिन्यात महाविद्यालयाला कुलूप लागले आणि वर्ग माझ्या कांदिवलीच्या दोन खोल्यांत येऊन बसला, तेव्हा या डब्याशी परिचय करून घेणे मला भागच पडले. पानिपतच्या ऐन रणधुमाळीत आवाज तुटायचा आणि पन्नास विद्यार्थी एकदम लिहायचे, "सर, ऐकू येत नाही." तेव्हापासून इमारतीतल्या मंडळींनी मला या शास्त्राचा वैद्य ठरवून टाकले आहे. जिन्यात कोणी ना कोणी अडवतेच. "सर, दोनशेचा प्लॅन घेतला, पण आतल्या खोलीत वीससुद्धा येत नाहीत. चारशेचा घेऊ का?" मी म्हणतो, "काका, घाई करू नका. आधी डबा कुठे ठेवलाय ते सांगा."

कारण शंभरातल्या बहुतेक रोग्यांचा रोग तेथेच असतो. हे नीट समजण्यासाठी लहरींची लांबी ध्यानात घ्यायला हवी. मुंबई आकाशवाणीच्या अस्मितावाहिनीचा ५५८ किलोहर्ट्झ हा आकडा जुन्या श्रोत्यांना पाठ असेल. त्या लहरीची लांबी ५३७ मीटरांहून थोडी अधिक भरते. एवढ्या लांबलचक लहरीला तुमच्या घराची भिंत म्हणजे काहीच नाही. वायफायच्या लहरी मात्र फार आखूड असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत; आणि ५ गिगाहर्ट्झची जेमतेम तीन बोटे. शिवाय डब्याची ताकद किती, तर वॅटचा एखादा दशांश. अशी ही अशक्त, आखूड लहर भिंतीतून आरपार जाताना दमून जाते. ५ गिगाहर्ट्झची तर फारच लवकर दमते.

आता आमच्या कांदिवलीतल्या भिंती पाहा. चारकोपला जागतिक बँकेच्या योजनेतून जी बैठी घरे उभी राहिली, त्यांच्या भिंती पुष्कळशा विटांच्या. त्यांतून लहर बऱ्यापैकी पार होते. परंतु अलीकडे पुनर्विकासात जे उंच मनोरे उठत आहेत, त्यांतल्या पुष्कळांत ॲल्युमिनियमचे साचे लावून मजलाच्या मजला एकदम काँक्रीटमध्ये ओततात. बांधकामवाले याला 'मायवान' म्हणतात. या घरांत दोन खोल्यांमधली साधी भिंतसुद्धा विटेची नसते. लोखंडी सळ्यांची जाळी पोटात घेतलेले चार-सहा इंचांचे काँक्रीट असते. भूकंपाला ते उत्तम. वायफायला मात्र ते किल्ल्याच्या तटासारखे. म्हणूनच जुन्या चाळवजा इमारतीत एका डब्यावर तीन खोल्या चालवणारा माणूस नव्या मनोऱ्यात गेला की त्याच डब्यावर एकच खोली चालते, आणि तो बिचारा कंपनीला दूषणे देत बसतो.

तेव्हा पहिली गोष्ट, नाडी पाहावी. संगणक तारेने थेट डब्याला जोडावा आणि वेग मोजावा. तारेने पुरा वेग मिळाला, तर कंपनी निर्दोष. रोग घरातल्या हवेत आहे. तारेनेही मिळाला नाही, तरच कंपनीकडे तक्रार न्यावी. एक बारीकसा दोष येथे पुष्कळदा आढळतो. इंटरनेटच्या तारेत आठ बारीक तारा असतात. घाईत काम उरकणारा कारागीर त्यांतल्या चारच टोकाला बसवतो. दिसायला सर्व ठीक. परंतु त्या तारेतून शंभर मेगाबिटांच्या वर काही केल्या जात नाही. दोनशेचे पैसे भरून नव्वदच मिळत असतील, आणि ते दररोज नेमके नव्वदच असतील, तर आधी त्या तारेचे टोक पाहावे.

आणि हो, 'मेगाबिट' आणि 'मेगाबाइट' यांचा घोटाळा करू नये. आठ बिटांचा एक बाइट. दोनशे मेगाबिट म्हणजे सेकंदाला पंचवीस मेगाबाइट. फाइल उतरवून घेताना पडद्यावर '२५' दिसले की फसवणूक झाली असे समजून भांडायला जाण्याचे कारण नाही. खरे पाहता घरी वर्ग चालवायला तीन-चार मेगाबिट पुरतात, आणि अतिशय रेखीव चित्रपटसुद्धा पंचवीसेक मेगाबिटांत सुरळीत दिसतो. चौघांच्या कुटुंबाला शंभर मेगाबिट बहुतेक वेळा पुरून उरतात, असे माझे स्पष्ट मत आहे. वरचा खर्च पुष्कळदा निव्वळ भिंतीवर केलेला खर्च असतो.

डबा कोठे ठेवावा? घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, उघड्यावर. आपण करतो काय, तर काचतंतूची तार मुख्य दारापाशी आत येते म्हणून तेथेच, विजेच्या पेटीशेजारी, कपाटाच्या पोटात डबा कोंबतो आणि वर कपाटाचे दारही लावतो, कारण दिवाणखान्यात तो बरा दिसत नाही! गोदरेजच्या पोलादी कपाटामागे, आरशामागे, मत्स्यालयाच्या आडोशाला किंवा स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह भट्टीच्या शेजारीही तो ठेवू नये. त्या भट्टीच्या लहरी नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपासच्या असतात. एकीकडे वरणभात गरम होतो आणि दुसरीकडे चिरंजीवांचा वर्ग अडखळतो, यात योगायोग काही नाही.

काँक्रीटच्या घरात मात्र डबा मध्यावर आणूनही आतली खोली कोरडीच राहते. तेथे दुसरा डबा हवा. बाजारात जे नुसते भिंतीतल्या सॉकेटला लावायचे 'रिपीटर' मिळतात, ते ऐकलेलेच पुन्हा बोलतात. ऐकण्यात अर्धा वेळ आणि बोलण्यात अर्धा वेळ जातो, म्हणून वेगही निम्म्यावर येतो. त्यापेक्षा पहिल्या डब्यापासून आतल्या खोलीपर्यंत एक तार ओढावी आणि तेथे दुसरा डबा लावावा, हे शंभर हिश्शांनी चांगले. भिंतीच्या कडेने पट्टीत बसवलेली ती तार दोन दिवस डोळ्यांना खुपते, मग दिसेनाशी होते. घराचे रंगकाम निघाले असेल, तर प्रत्येक खोलीत एकेक तार आधीच घालून घ्यावी.

आता शेजाऱ्यांचा प्रश्न. रात्री नऊ वाजता माझ्या फोनवर आसपासच्या जाळ्यांची यादी उघडली की पंचवीस-तीस नावे दिसतात. हे सगळे एकाच हवेत बोलत आहेत. वायफायचा शिष्टाचार मोठा चांगला असतो: दुसरा कोणी बोलत असेल तर हा गप्प राहतो, त्याचे संपले की बोलतो. परंतु तीस सभ्य माणसे एका खोलीत बसली आणि प्रत्येक जण दुसऱ्याचे संपण्याची वाट पाहू लागला, म्हणजे काम काय होणार? २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा मार्गिका आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींवर चढलेल्या आहेत. एकमेकींना न शिवणाऱ्या अशा १, ६ आणि ११ या तीनच. काही हुशार मंडळी "गर्दी नको" म्हणून मुद्दाम ३ किंवा ८ निवडतात. त्यामुळे दोन्हीकडच्यांचे बोलणे त्यांना धड कळत नाही आणि नुसता गोंगाट वाढतो. त्यापेक्षा त्या तिघींपैकी जिच्यावर गर्दी कमी तीच घ्यावी. आणि दूरचित्रवाणी, लॅपटॉप, नवे फोन हे ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत. तेथे जागा ऐसपैस आहे. शिवाय तिथली लहर भिंतीत लवकर विरते हा तिचा दोष शेजाऱ्यांच्या बाबतीत गुण ठरतो: त्यांची लहर तुमच्याकडे पोहोचत नाही. आपल्या सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्यातून मुक्त केला, आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली. एके काळी नुसता रेडिओ ऐकायलाही पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे, हे आठवणाऱ्यांना या मोकळिकीचे मोल अधिक कळेल.

मोकळीक आली की तिच्यामागून जोखीमही येते. आतापर्यंत आपण तक्रार करीत होतो की, लहर भिंतीतून जात नाही. पण बाहेरच्या भिंतीला खिडक्या असतात ना! खिडकीतून, गॅलरीतून ती खुशाल रस्त्यावर जाते. तुमच्या आतल्या खोलीत न पोहोचणारे जाळे समोरच्या पानाच्या गादीवर मात्र उत्तम चालते. याचे किती भयंकर परिणाम होऊ शकतात, हे आपल्या मुंबईने २००८ साली पाहिले आहे.

त्या वर्षी २६ जुलैला अहमदाबादेत बाँबस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीचे ई-पत्र आले होते. पोलिसांनी माग काढला, तो नव्या मुंबईतल्या सानपाड्याच्या एका सदनिकेपर्यंत पोहोचला. तेथे राहत होते एक अमेरिकन गृहस्थ, नोकरीनिमित्त आलेले. त्यांचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता. परंतु जोडणी त्यांच्या घरातली, म्हणून दारावर थाप पडली ती त्यांच्याच. त्यांचे संगणक तपासणीसाठी गेले, चौकशीचा ससेमिरा मागे लागला, साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत नाव झळकले. त्यांच्या घरातले वायफाय सुरक्षित नव्हते, एवढाच त्यांचा अपराध. कोणीतरी बाहेरून ते वापरून पत्र धाडले होते. पुढे ते निर्दोष ठरले. पण मधल्या काळात त्या कुटुंबाने काय भोगले असेल, याची कल्पना करावी. हे एकदाच घडले असेही नाही. ऑगस्टमधले दुसरे पत्र माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यावरून गेले, आणि १३ सप्टेंबरच्या दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचे पत्र चेंबूरच्या एका कंपनीच्या जाळ्यावरून. २००९ च्या आरंभी तर मुंबई पोलिसांनी स्वतःच रस्तोरस्ती हिंडून उघडी जाळी हुडकण्याची मोहीम काढली.

या प्रकरणाचे मर्म नीट ध्यानात घ्या. "आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?" असे पुष्कळ लोक विचारतात. बँकेचे व्यवहार अलीकडे स्वतंत्रपणे कुलूपबंद होऊनच जातात. वायफायवर शिरलेल्याला ते सहसा वाचता येत नाहीत, हे खरे आहे. परंतु तुमच्या जोडणीवरून जे जे बाहेर जाते ते तुमच्या नावावर जाते. चोराला तुमचा पैसा नको असेल, तुमचे नाव हवे असेल.

मग कुलूप कसले लावावे? वायफायच्या कुलपांच्या पिढ्या आहेत. १९९७ सालचे पहिले कुलूप 'डब्ल्यूईपी'. त्याच्यातली खोट तज्ज्ञांनी २००१ सालीच उघडी पाडली. नंतर 'डब्ल्यूपीए', मग २००४ साली 'डब्ल्यूपीए-२' आणि २०१८ साली 'डब्ल्यूपीए-३'. तुमच्या डब्यात तिसरे असेल तर ते लावा, घरातली जुनी यंत्रे अडत असतील तर दुसरे-तिसरे मिळून ठेवा. पहिली दोन मात्र मुळीच नकोत.

कुलूप चांगले असून भागत नाही, किल्लीही चांगली हवी. वायफाय बसवायला येणारा मुलगा विचारतो, "पासवर्ड काय ठेवू?" आणि आपण गोंधळलो की तोच म्हणतो, "मोबाइल नंबर ठेवतो, लक्षात राहील." कृपा करून हे होऊ देऊ नका. डब्ल्यूपीए-२ मध्ये तुमचा फोन आणि डबा एकमेकांना ओळख पटवतात, ती क्षणभराची देवाणघेवाण रस्त्यावरून टिपता येते. ती एकदा टिपली की चोराला तुमच्या दाराशी उभे राहण्याचीही गरज उरत नाही. घरी निवांत बसून यंत्राकडून किल्ल्या लावून पाहाव्यात. आपल्याकडचे मोबाइल क्रमांक दहा आकडी, आणि पहिला आकडा ६ ते ९ पैकी. म्हणजे सगळे मिळून चारशे कोटी. आकडा मोठा वाटतो, नाही का? परंतु खेळांसाठी विकले जाणारे एखादे चांगले ग्राफिक कार्ड सेकंदाला दहा लाख किल्ल्या सहज तपासते. चारशे कोटींना लागले चार हजार सेकंद. एक तास आणि वर सात मिनिटे. चर्चगेटहून धीमी लोकल कांदिवलीला पोहोचेपर्यंत काम फत्ते.

त्याऐवजी असे करा. घरातला जाडसा शब्दकोश घ्या, डोळे मिटून पाच ठिकाणी उघडा आणि बोट पडेल तो शब्द घ्या. समजा, निघाले: कोयती, भोपळा, दौत, इस्त्री, सोमवार. हे पाच शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले की झाली किल्ली. (अर्थात आत्ता मी सांगितलेले हे पाच नव्हेत, बरं का! ते आता सर्वांना ठाऊक झाले.) कोशात पाच हजारच शब्द आहेत असे धरले, तरी अशा पाचांच्या जोडण्या इतक्या होतात की, त्याच ग्राफिक कार्डाला सगळ्या तपासायला एक लाख वर्षांच्या आसपास लागतील. मात्र शब्द दैवावर सोडूनच निवडले पाहिजेत. म्हण, अभंगाची ओळ, मुलाचे नाव आणि जन्मसाल, इमारतीचे नाव, यांचा अंदाज यंत्राला आधीच असतो. डब्ल्यूपीए-३ मध्ये हे घरबसल्या किल्ल्या लावण्याचे दार बंद केले आहे. प्रत्येक प्रयत्न तुमच्या डब्याशीच करावा लागतो. तरीही किल्ली चांगली असावी, कारण घरात जुना फोन एखादा असतोच.

डब्यावर 'डब्ल्यूपीएस' नावाची एक सोय असते. तिच्यात आठ आकडी क्रमांक देऊन जाळ्यात शिरता येते. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असे आपल्याला वाटेल. परंतु करणाऱ्याने गंमत अशी केली की, पहिले चार आकडे बरोबर आहेत की नाही हे डबा वेगळे सांगतो, आणि शेवटचा आकडा तर आधीच्या सातांवरूनच ठरतो. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, अकरा हजार प्रयत्नांत दार उघडले! ही खोड २०११ साली उघडकीस आली. ही सोय बंद करून टाकावी.

आणखी एक किल्ली असते, जिचा आपल्याला पत्ताच नसतो. ती खुद्द डब्याच्या कारभाराची. डब्याच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता आणि कारभाऱ्याचे नाव व संकेतशब्द छापलेला असतो. पुष्कळ ठिकाणी दोन्ही 'ॲडमिन'. कारखान्यातून निघालेली ही किल्ली लोक वर्षानुवर्षे बदलत नाहीत. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका उपद्रवी आज्ञावलीने अशा साठेक ठराविक किल्ल्या जगभरच्या कॅमेऱ्यांना आणि राउटरांना लावून पाहिल्या, लक्षावधी यंत्रे ताब्यात घेतली आणि त्यांच्याकरवी ऑक्टोबरात अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. यंत्रांच्या मालकांना त्याची गंधवार्ता नव्हती. तेव्हा ही किल्ली बदलावी, बाहेरून कारभार पाहण्याची सोय बंद ठेवावी, आणि डब्यातली आज्ञावली अधूनमधून अद्ययावत होते आहे ना, हे पाहावे. पाच-सात वर्षे ज्याच्या कंपनीने काहीच सुधारणा धाडली नाही, तो डबा चालू असला तरी बदलावा.

पाहुण्यांचे काय करायचे? आलेल्या माणसाला पाण्याआधी वायफायचा संकेतशब्द विचारायची आता रीतच पडली आहे, आणि नाही म्हणणे आपल्या स्वभावात नाही. कोकणातल्या घरात आल्यागेल्याला ओटीवर बसवतात. माजघरात घरचीच माणसे जातात. यात कोणाचा अपमान नसतो. बहुतेक डब्यांत अशी ओटी असते. तिला 'गेस्ट नेटवर्क' म्हणतात. तिचे नाव आणि किल्ली वेगळी ठेवावी. तिच्यावरून पाहुण्याला इंटरनेट मिळते, पण तुमचा संगणक, छपाईयंत्र, कागदपत्रे दिसत नाहीत. स्वस्तातले कॅमेरे, बोलके दिवे, हुकूम ऐकणारे पंखे हेही मी ओटीवरच ठेवतो. ते घरचे असले तरी त्यांच्यावर माझा भरवसा नाही.

राहता राहिला जुना डबा. नवा आला की आपण जुना भंगारवाल्याला वजनावर देतो, किंवा गावाकडच्या भाच्याला. त्याच्या पोटात तुमच्या जोडणीचे नाव, जाळ्याची किल्ली, कारभाराची किल्ली सगळे तसेच असते. मागच्या बाजूस एक सुईएवढे भोक असते. वीज चालू ठेवून त्यात सेफ्टी पिन घालावी आणि दिवे एकदम विझून पुन्हा लागेपर्यंत, दहा-पंधरा सेकंद, दाबून धरावी. मग खुशाल द्यावा.